हरवलेले तीन व्होल्ट

इंग्लंडच्या कालव्यावर उभ्या असलेल्या एका बोटीत कुणीतरी नळ सोडतं आणि स्वयंपाकघरातला दिवा मंदावतो. बोटीच्या पुढच्या टोकाला बसवलेला पाण्याचा पंप कण्हत कण्हत चालतो, नळाची धार बारीक होते. मागच्या टोकाला इंजिनाजवळ बॅटऱ्या आहेत. पंप चालू ठेवूनच तिथे मीटर लावला तर तो १२.३ व्होल्ट दाखवतो, म्हणजे तक्रारीला जागा नाही. तोच मीटर पंपाच्या तारांना लावला तर ९.३. दोन्ही टोकांच्या मध्ये तीन व्होल्ट नाहीसे झालेले आहेत.

हे तीन व्होल्ट कुठे गेले, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याचा माग काढायला लागलं की वाटेत अठराव्या शतकातला एक कालवा लागतो, एकवीस वर्षांचा एक जर्मन विद्यार्थी भेटतो आणि शेवटी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतापर्यंत जावं लागतं. नॅरोबोटीची, म्हणजे या अरुंद कालवाबोटीची, वीज मला अतिशय मोहात पाडते ती यासाठी.

कालव्यापासून सुरुवात करू. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने १७६० च्या दशकात इंग्लंडच्या मध्यभागातून ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडणारा कालवा आखला. १७६६ साली कामाला सुरुवात झाली आणि पहिली कुदळ मारली ती चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या जोसाया वेजवुडने. डोंगर चढायचा तर कालव्याला लॉक लागतात. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, दारं लावायची आणि पाणी भरून किंवा सोडून तिला वर चढवायचं किंवा खाली उतरवायचं. ब्रिंडलीच्या या कालव्यावर लॉक ठरले सुमारे ७२ फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद. अरुंद लॉकला खोदकाम कमी लागतं आणि दर खेपेला पाणीही कमी लागतं. इतर कालव्यांनीही हेच माप उचललं. मग बोटीही तशाच झाल्या: ६ फूट १० इंच रुंद आणि लॉकमध्ये मावतील तितक्या लांब. घोडा काठावरून चालायचा, दोराने बोट ओढायचा, आणि बोटीच्या पोटात कोळसा, माती, भांडी असायची. विजेचा तेव्हा प्रश्नच नव्हता.

माल गेला, घोडे गेले, माप मात्र राहिलं. आज या कालव्यांवर हजारो माणसं बोटीतच संसार करतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २,००० मैलांच्या जलमार्गांची देखभाल २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था करते. ज्यांना ठरलेला धक्का नाही, त्यांनी एका जागी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त थांबू नये असा कायदा आहे. म्हणजे हे घर फिरतं आहे आणि त्याला विजेच्या खांबावरून आलेली तार नाही. बहुतेक बोटींत पाण्याची टाकी पुढे असते, इंजिन मागे, आणि बॅटऱ्या इंजिनाशेजारी. उत्तरेकडच्या काही कालव्यांचे लॉक आखूड आहेत, त्यामुळे जवळपास सगळीकडे जाता यावं म्हणून ५७ फुटी बोट लोकप्रिय आहे. या ५७ फुटांत बॅटरीपासून पंपापर्यंत तार जाते सुमारे १५ मीटर, आणि तेवढीच परत येते. बोट रुंद असती तर हे अंतर कितीतरी कमी झालं असतं. ब्रिंडलीने लॉकची रुंदी ठरवली आणि अडीचशे वर्षांनंतर त्याच्या मापाचा परिणाम पंपाशी लावलेल्या मीटरवर व्होल्टमध्ये वाचता येतो.

आता हे घर किती विजेवर चालतं ते बघा. एखाद्या बोटीत घरगुती वापरासाठी ११० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या असतात असं धरू. शिशाच्या बॅटरीतली अर्ध्याहून जास्त वीज वारंवार काढली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून वापरायची ती अर्धीच. हिशेब केला तर ती येते सुमारे २.६ किलोवॅट-तास, आपल्या बिलाच्या भाषेत २.६ युनिट. दीड टनाचा एसी एवढी वीज दोन तासांच्या आसपास संपवतो. बोटीवर याच पुंजीत फ्रिज, दिवे, पंप, फोन, लॅपटॉप आणि डिझेलवर चालणाऱ्या हीटरचा पंखा भागवायचा, आणि मग इंजिन चालवून किंवा छपरावरच्या सौर पट्ट्यांतून ती पुन्हा भरायची. सौर पट्ट्यांचा भरवसा उन्हाळ्यापुरता. ५२ अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून १५ अंशही वर येत नाही. छपरावर आडव्या पडलेल्या पट्टीला तो ओझरता चाटून जातो.

महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या वर्षांत घरोघरी जो इन्व्हर्टर आला, त्याची बॅटरी याच जातीची. शिसं, गंधकाम्ल, डिस्टिल्ड वॉटर, सगळं तेच. फरक इतकाच की आपल्याकडे दोन-चार तासांनी लाइट परत यायची. कालव्यावर ती येत नाही, आणावी लागते.

बारा व्होल्ट हा आकडा मोटारगाड्यांकडून आलेला आहे, आणि लांबलचक बोटीला तो फार जाचतो. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात, त्यातले दोन व्होल्ट तारेत गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बारातले दोन गेले तर फ्रिज बंद पडतो. शिवाय तेवढंच काम कमी व्होल्टवर करायचं तर करंट त्या प्रमाणात वाढतो. २,००० वॅटची विजेची किटली घरात ९ अँपिअरच्या आत भागते. तीच इन्व्हर्टरवरून लावली तर बॅटरीतून १८० अँपिअरच्या आसपास ओढते. आता या जाड तारेच्या टोकाला एक नट किंचित ढिला राहिला आणि तिथे एका ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा रोध आला असं समजा. त्या नटापाशी १.८ व्होल्ट जातील आणि ३०० वॅटहून जास्त उष्णता तयार होईल. एका ढिल्या नटावर छोट्या शेगडीइतकी आच! बोटीला आग लागायला तेवढी पुरते. म्हणून जाणते लोक किटली गॅसवर ठेवतात आणि नट अधूनमधून आवळून बघतात.

तर ते तीन व्होल्ट. शोध घेताना पहिली फसगत करतो तो मीटरच. पंप बंद ठेवून पंपाच्या तारांवर मीटर लावला तर तो बॅटरीइतकेच, म्हणजे बारा साडेबारा व्होल्ट दाखवेल. तार आतून कुजून एकच धागा उरला असेल तरीही तेवढेच दाखवेल. चांगल्या मीटरचा रोध लाखो ओहमचा असतो, त्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. आणि करंट वाहिला नाही तर रोध कितीही असो, व्होल्टेज बसत नाही. गेऑर्ग ओहमने १८२७ साली मांडलेला हा साधा संबंध. रोध आपलं अस्तित्व दाखवतो तो करंट वाहताना. म्हणून मोजायचं ते काम चालू असताना, नळ उघडा ठेवून, पंप कण्हत असताना.

आणि मग एक अशी गोष्ट करायची जी पहिल्यांदा ऐकताना चुकीचीच वाटते: मीटरच्या दोन्ही सुया एकाच तारेच्या दोन टोकांना लावायच्या. एकाला पॉझिटिव्ह, दुसऱ्याला निगेटिव्ह असं नाही. दोन्ही पॉझिटिव्हलाच किंवा दोन्ही निगेटिव्हलाच. तार निर्दोष असेल तर आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. जो काही आकडा येईल, तेवढे व्होल्ट त्या तुकड्यात खर्ची पडताहेत.

यामागचा नियम १८४५ साली गुस्ताव किरचॉफने सांगितला. तेव्हा तो कोनिग्जबर्गच्या विद्यापीठात शिकत होता, वय २१. विजेच्या कोणत्याही बंद वाटेने पूर्ण फेरी मारली तर बॅटरीने दिलेले व्होल्ट आणि वाटेत खर्च झालेले व्होल्ट तंतोतंत सारखे भरतात. विजेच्या जगात व्होल्ट नाहीसे होत नाहीत. तीन कमी पडले असतील तर ते कुठल्या तरी दोन बिंदूंच्या मध्ये मोजता येण्याजोगे बसलेले आहेत, आणि सुया पुढे सरकवत गेलं की सापडणारच. ही खात्री मला विलक्षण वाटते. माणसाच्या बहुतेक अडचणींमध्ये हरवलेलं सापडेल याची हमी कुणी देत नाही. इथे ती निसर्ग देतो.

आपल्या बोटीत तार ६ चौरस मिलिमीटरची आहे आणि पंप ६ अँपिअर घेतो असं धरू. बॅटरीपासून मेन स्विच आणि फ्यूजपर्यंतच्या जोडांत मिळून ०.१३ व्होल्ट. पुढे जाणाऱ्या १५ मीटर तारेत ०.२६. परतीच्या तारेत तेवढेच, ०.२६. इथवर तक्रार करण्यासारखं काहीच नाही, तांब्याने आपला न्याय्य वाटा घेतलेला आहे. आता एक सुई पंपाच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी, पुढच्या भागातल्या सगळ्या परतीच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पट्टीच्या पलीकडे, बॅटरीकडे जाणाऱ्या तारेवर. २.३५ व्होल्ट! सगळे मिळून बरोबर तीन. ही पट्टी बिछान्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी, दमट जागी आहे. त्या तारेच्या लगवर, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर, हिरवट थर चढला आहे आणि हात जवळ नेला तर ऊब लागते, कारण त्या एका जोडावर १४ वॅट जळताहेत. मेन स्विच बंद करायचा, लग सोडवायचा, काळवंडलेली तार कापून ताजं तांबं उघडं करायचं, नवा लग नीट दाबून बसवायचा. पंपाला आता साडेअकराहून जास्त व्होल्ट मिळतात आणि स्वयंपाकघरातला दिवा नळ उघडल्यावर हलत नाही.

या तारेतलं आणखी एक आश्चर्य सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ६ अँपिअर वाहताना या तारेतले इलेक्ट्रॉन सरासरी तासाला २६ सेंटिमीटर सरकतात. बॅटरीपासून निघालेला इलेक्ट्रॉन पंपापर्यंत पोचायला, पंप अखंड चालू ठेवला तर, सुमारे ५७ तास घेईल. कालव्यावर बोटीला ताशी ४ मैलांची मर्यादा आहे. तेवढ्या वेळात ती शेकडो मैल पलीकडे गेलेली असेल. तरीही नळ सोडताच पंप लगेच सुरू होतो, कारण धावतं ते विद्युतक्षेत्र, आणि तारेत सर्वत्र आधीच बसलेले इलेक्ट्रॉन एकदमच हलायला लागतात. पंप फिरवणारा इलेक्ट्रॉन आज सकाळच्या चार्जिंगमध्ये बॅटरीतून आलेला नसतो. तो तारेतच होता.

बिघाड जोडात नसेल तर बॅटरीत असतो, आणि नॅरोबोटीच्या विजेच्या तक्रारींत तिचा वाटा मोठा. गास्ताँ प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गुंडाळी करून गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार झाली. आत एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची. वीज काढली की दोन्हींवर शिशाचं सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होतं. वीज भरली की सगळं उलटं फिरतं. एका सेलला सुमारे २.१ व्होल्ट, अशा सहा मिळून १२.६.

हे २.१ आले कुठून? २०११ साली उप्सालाचे राजीव आहुजा, हेलसिंकीचे पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न गणिताने तपासला. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन आहेत; एवढ्या जबर ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास ६० टक्के वेगाने फिरतात. या वेगाला न्यूटनचे नियम पुरत नाहीत, सापेक्षता हिशेबात घ्यावी लागते. ती वगळून आकडेमोड केली तर शिशाची बॅटरी जवळजवळ चालतच नाही: २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट केवळ सापेक्षतेचे परिणाम आहेत. आवर्तसारणीत शिशाच्या वरच्याच घरातलं कथील रासायनिकदृष्ट्या त्याचं सख्खं भावंड, पण हलकं. म्हणून कथलाची बॅटरी कुणी बनवत नाही. बोटीच्या मागच्या फळीखाली, डिझेलच्या वासात, आइन्स्टाइनचं भौतिकशास्त्र फ्रिज चालवत असतं.

अशी बॅटरी मरते ती बहुधा उपासमारीने. सल्फेट ताजं असेल तर सहज विरघळतं. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धी भरलेली राहिली तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो. आणि नेमकी पूर्ण भरणं हीच वेळखाऊ गोष्ट. पोत्यात धान्य भरताना निम्मं पोतं झरझर भरतं, शेवटचे चार शेर मात्र आपटून आपटून बसवावे लागतात. बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा तसाच भरतो, थेंबाथेंबाने, १४.४ व्होल्टच्या आसपास तासन्‌तास. मीटरने १४.४ दाखवले म्हणजे बॅटरी भरली असं नव्हे. त्या व्होल्टला आत जाणारा करंट क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर उतरला, म्हणजे ४४० अँपिअर-तासांच्या संचाला साधारण साडेचार ते नऊ अँपिअर उरले, तेव्हा ती भरली. इतर बोटींशेजारी उभं असताना रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवू नये असा नियम आहे, आणि हिवाळ्यात दिवसभर इंजिन घरघरवत बसणं कुणालाच नको असतं. लोक दोन तासांत इंजिन बंद करतात. वसंतापर्यंत चार बॅटऱ्यांत एका बॅटरीइतका जीव उरतो, आणि दोष जातो दुकानदाराला.

थंडीतल्या सकाळी हीटर सुरू होत नाही, ही तक्रारही बऱ्याचदा इथूनच येते. हीटरमधली डिझेल पेटवणारी कांडी तापवायला काही मिनिटं मोठा करंट लागतो. रात्रभर उपसलेल्या बॅटरीचं व्होल्टेज त्या ओझ्याखाली बसतं, हीटरचा मेंदू ते ओळखतो आणि स्वतःला बंद करून घेतो. माणसं हीटर उघडून बसतात, तो बिचारा ठणठणीत असतो.

बॅटरी ओळखायची सोपी वेळ म्हणजे पहाट. काहीही चालू नाही, चार्जिंग नाही, बॅटऱ्या काही तास विसावल्या आहेत. तेव्हा १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. चारही एकमेकींना जोडलेल्या असतील तर मीटर सरासरी दाखवतो आणि गुन्हेगार लपतो. म्हणून जोड सोडवून, रात्रभर वेगळ्या ठेवून एकेक मोजायची. तीन १२.६ वर आणि एक १०.५ वर आली तर त्या चौथीतला एक सेल गेला. जोडलेल्या असताना बाकीच्या तिघी आपली वीज तिच्यात ओतत होत्या आणि ती नुसती तापत होती.

याच मेलेल्या सेलमुळे कधी कधी मध्यरात्री कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो. शेगडी विझलेली, इंजिन बंद, धूर कुठेच नाही. अशा वेळी पहिलं काम एकच: दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडायचं, कारण खरा कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही आणि जीव घेतो. पण तपासाअंती कधी कधी कळतं की चार्जरवर लावलेली बॅटरी उकळत होती आणि तिच्यातून हायड्रोजन सुटत होता. अलार्ममधल्या संवेदकाला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक नीट कळत नाही. सोबत सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर संशय बॅटरीवर. हायड्रोजनला ठिणगी पुरते, त्यामुळे तो अलार्म चुकीच्या कारणाने का होईना, योग्य वेळीच वाजलेला असतो.

आता अल्टरनेटर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं हे यंत्र फॅरेडेच्या १८३१ च्या शोधावर उभं आहे: चुंबक फिरला की जवळच्या तारेत वीज उपजते. पण अल्टरनेटरच्या आतला चुंबक कायमचा नाही, विद्युतचुंबक आहे. म्हणजे वीज तयार करायला आधी थोडी वीज हवी. ती कुठून येते? किल्ली फिरवल्यावर समोरच्या पट्टीवर जो छोटा लाल दिवा लागतो, त्याच्यामधून! चार्जिंग होत नाही असा इशारा देणारा तो दिवा खरं तर चार्जिंगला पहिली चालना देतो. त्यातून वाहणारा चिमूटभर करंट चुंबक जागा करतो. अल्टरनेटरने जोर धरला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज होतं आणि तो विझतो. म्हणून किल्ली फिरवली आणि लाल दिवा लागलाच नाही, तर त्यात आनंद मानू नये. दिवा गेला असेल किंवा त्याची तार सुटली असेल, आणि इंजिन दिवसभर चालूनही बॅटरीत काही पडणार नाही. बऱ्याच बोटींत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटासुद्धा अल्टरनेटरकडूनच संकेत घेतो. इंजिन धडधडतंय आणि काटा शून्यावर, म्हणजे अल्टरनेटर झोपलेला आहे. इंजिनाला जरा जोर दिल्यावर काटा उसळी मारून जागेवर आला, तर दिव्याची वाट तपासायची.

इंजिन सुरू करणारी बॅटरी आणि घरची बॅटरी वेगळ्या असतात, आणि दोन्ही एकाच अल्टरनेटरवर भरण्यासाठी मध्ये रिले किंवा डायोड असतो. इंजिन चालू असताना पहिलीवर १४.३ आणि दुसरीवर १२.४ व्होल्ट दिसले, तर दोष त्या दोघींच्या मधला. जुन्या पद्धतीचा डायोड स्वतःच ०.७ व्होल्टच्या आसपास खातो, त्यामुळे घरची बॅटरी कधीच पुरती भरत नाही. सुया दोन्ही बाजूंना लावल्या की दोन मिनिटांत निकाल लागतो.

एक बिघाड मात्र असा आहे की त्यात दिवा मंदावत नाही, पंप कण्हत नाही, फ्रिज गार राहतो. बोट धक्क्याला लागलेली असते, किनाऱ्यावरून २३० व्होल्टची तार घेतलेली असते, आणि सगळं सुखात चाललेलं असतं. त्या तारेत अर्थिंगची तार आहे. तिच्यामुळे तुमच्या बोटीचं पोलाद शेजारच्या बोटींच्या धातूला जोडलं जातं. खाली कालव्याचं पाणी सगळ्यांना स्पर्श करतंय. दोन धातू, एक तार, एक द्रव: अख्खा धक्का मिळून एक बॅटरी तयार होते आणि त्यात तुमच्या बोटीचा तळ हळूहळू विरघळतो.

हंफ्री डेव्हीने १८२४ साली हेच रसायन जहाजांच्या रक्षणासाठी वापरलं होतं. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांवर तांब्याचा पत्रा असे आणि समुद्रात तो झिजे. डेव्हीने त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. ते झिजले, तांबं वाचलं. त्याचं विज्ञान अचूक होतं. पण विरघळणारं तांबंच शिंपल्यांना आणि शेवाळाला दूर ठेवत होतं! तांबं विरघळेनासं झाल्यावर जहाजांच्या बुडाला जीवसृष्टी लगडली, त्यांचा वेग घटला, आणि आरमाराने ते तुकडे काढून टाकायला लावले. नॅरोबोटीच्या पोलादी तळाला मात्र डेव्हीची युक्ती आजही वाचवते: गोड्या पाण्यात मॅग्नेशिअमचे ठोकळे तळाला जोडतात, ते आधी झिजतात. शेजाऱ्याने ठोकळे लावलेच नसतील तर अर्थिंगच्या तारेतून तुमचे ठोकळे त्याची बोट वाचवत राहतात आणि लवकर संपतात. यावर उपाय म्हणजे अर्थिंगच्या वाटेत बसवायचा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. तो सव्वा व्होल्टच्या आसपासपर्यंतचा करंट अडवतो, धातूंमधला फरक त्याहून कमीच असतो. आणि खरा शॉर्ट झाला तर मोठा करंट बिनबोभाट जाऊ देतो. तळाचं पोलाद नवं असताना बहुधा १० मिलिमीटर जाड असतं, बाजूंचं ६. ते किती उरलंय हे बोट पाण्याबाहेर काढून मोजल्याशिवाय कळत नाही.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्या अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी बिघडत नाहीत, हे कालव्यावर मोठंच वरदान. पण त्यांचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे पहाटेचं मोजमाप तिथे निरुपयोगी. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मॉनिटर लागतोच. आणि त्या इतक्या हावरेपणाने करंट पितात की साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो.

हे सगळं वाचून कुणाला मीटर हाती घ्यावासा वाटला तर मला आनंदच होईल, पण दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसलेल्या हव्यात. बारा व्होल्टचा झटका लागत नाही, पण बॅटरीच्या दोन खुंटांवर पाना आडवा पडला तर तो लालबुंद होतो. हातातली अंगठी आधी काढून ठेवायची. आणि इन्व्हर्टरच्या पलीकडे २३० व्होल्ट आहेत, ते बोटीवरही तितकेच जीवघेणे. ती बाजू कसबी वायरमनचीच. ब्रिटनमध्ये बोटीची सुरक्षा-तपासणी दर चार वर्षांनी सक्तीची आहे, आणि त्यात बॅटऱ्या, तारा, फ्यूज सगळं पाहिलं जातं.

तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल आणि त्याचा बॅकअप घटला असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे देण्याआधी मेकॅनिकला एक गोष्ट करायला सांगा. लाइट गेलेली असताना, पंखे-दिवे इन्व्हर्टरवर चालू ठेवून, मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावर आवळलेल्या लगवर ठेवायची. तिथे जवळजवळ शून्य यायला हवा. अर्धा व्होल्ट आला तर आधी तो जोड साफ करून आवळून घ्या, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, आणि बॅटरी बदलायची की नाही ते पुन्हा मोजून ठरवा.